कायदा आहे, जाणकार हवेत

बँकॉकहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात जिवंत साप-कासवे सापडल्याच्या वार्ता मुंबईच्या विमानतळावरून वारंवार येतात. वन्यजीवांच्या व्यापाराचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय ‘साइटीस’ करार १९७५ साली अमलात आला. भारत त्यात १९७६ साली सामील झाला. पण कराराच्या तरतुदी आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आल्या त्या २०२२ च्या दुरुस्तीने! आता कायदा आहे. परंतु पकडलेला जीव कराराच्या कोणत्या परिशिष्टातील, हे ओळखून न्यायालयात पुरावा टिकविणारी माणसे केवळ पुस्तकांतून घडत नाहीत. कायद्याच्या विद्यार्थ्यांना सीमाशुल्क विभागात व वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोत काही महिने उमेदवारी करू द्यावी, आणि तीही विद्यावेतन देऊन. एरवी ही संधी सुखवस्तू घरांपुरतीच राहील. कलमे पाठ असणे आणि पंचनाम्यातील उणीव हेरता येणे यांत जे अंतर आहे, त्यातूनच तस्कर निसटतो.