यंत्राचा धनी कोण?

शेतीत बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. आजचे स्थित्यंतर त्याहून मोठे आहे. ड्रोन पिकावर फवारणी करतो. जमिनीत बसविलेले उपकरण ओलावा मोजते आणि ठिबकचे पाणी आपोआप सुरू होते. ऊसतोडणी यंत्र फडात शिरून ऊस तोडते व वाहनात भरते. जून 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले व त्याकरिता 500 कोटी रुपयांची तरतूद केली. या बदलाचे स्वागत करणारे पुष्कळ आहेत. परंतु ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नाही त्याचे पुढे काय, हे विचारणारे थोडे आहेत. तो प्रश्न आपणच विचारला पाहिजे.

कारण तो आपल्या घरचा प्रश्न आहे. 2011 च्या जनगणनेत देशात शेतकरी 11 कोटी 88 लाख होते, तर शेतमजूर 14 कोटी 43 लाख. 2015-16 च्या कृषिगणनेप्रमाणे देशातील वहितीच्या जमिनीपैकी अनुसूचित जातींकडे सुमारे 9 टक्के क्षेत्र होते. जमीन कसणारे हात आपले आणि जमीन दुसऱ्याची, ही आपली पिढीजात स्थिती आहे.

म्हणून यंत्राला शत्रू मानावे काय? मुळीच नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन विषाच्या तुषारांत उभे राहण्याचे काम ड्रोनने केले, तर त्यात आपले काय बिघडले? उसाच्या फडात कोयता चालविणाऱ्या मायबहिणींचे हाल आणि दर हंगामात मोडणारी मुलांची शाळा ज्यांनी पाहिली आहे, ते त्या कष्टाचे गोडवे गाणार नाहीत. बाबासाहेबांनी 1918 सालीच लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात शेतीवर साचलेल्या निरुद्योगी श्रमाकडे बोट दाखवून औद्योगिकीकरणाचा उपाय सुचविला होता. पुढे 1945 साली त्यांनी स्पष्ट बजावले, की दोष यंत्राचा नाही. त्याचा लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे.

तीच रचना आज नव्या रूपाने उभी राहत आहे. ऊसतोडणी यंत्राची किंमत कोटीच्या घरात जाते. 2023 साली शासनाने त्यासाठी किमतीच्या 40 टक्के, कमाल 35 लाख रुपये अनुदान जाहीर केले. मुकादमाकडून उचल घेऊन घरदार सोडणाऱ्या जोडप्याला उरलेली रक्कम कोठून आणता येणार? त्यांचा कोयता जाईल, यंत्र मात्र त्यांचे होणार नाही. 15 एप्रिल 2025 पासून राज्यातील कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला. हा क्रमांक जमिनीच्या नोंदीवर उभा आहे. जन्मभर माती उपसलेला मजूर त्या यादीत शेतकरी ठरत नाही. ती यादी जात विचारत नाही, सातबारा विचारते, हे खरे. पण सातबारा कोणाच्या नावे व्हावा आणि कोणाच्या नावे होऊ नये, हे शतकानुशतके जातीनेच ठरविले होते.

‘मजूर मिळत नाहीत, म्हणून यंत्र आणतो,’ असे बागायतदार सांगतात. त्याचा अर्थ एवढाच, की जुन्या मजुरीत व जुन्या वागणुकीत मजूर मिळत नाहीत. आपली माणसे मान वर करून दर सांगू लागली, याचा आपल्याला खेद वाटण्याचे कारण नाही.

मग करावयाचे काय? पहिली मागणी जमिनीची. तिच्यासाठी 1959 साली व पुन्हा 1964-65 साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी तुरुंग भरले. त्यांच्याच नावाच्या सबळीकरण योजनेत दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन कुटुंबाला 4 एकर कोरडवाहू किंवा 2 एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. तिची अंमलबजावणी मागा. दुसरी मागणी यंत्राच्या मालकीची. तोडणी यंत्राच्या अनुदानावर पहिला हक्क तोडणी कामगारांच्या सहकारी संस्थांचा असावा. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी 90 टक्के अनुदानावर मिनी ट्रॅक्टरची योजना आहे. तिचा लाभ घ्या. मात्र ट्रॅक्टर गटाच्या नावे आणि किल्ली गावच्या सावकाराच्या खिशात, असा व्यवहार होऊ देऊ नका. तिसरी गोष्ट शिक्षणाची. ड्रोन चालविण्याच्या परवान्यासाठी वयाची 18 वर्षे, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागते. केंद्र सरकारने 2023 साली महिला बचत गटांना 15,000 ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. त्या गटांत आपल्या वस्तीतील किती भगिनी आहेत?

विहाराच्या पुढील बैठकीत हा विषय घ्यावा. वस्तीत भूमिहीन कुटुंबे किती, दहावी झालेली मुलेमुली किती, बचत गट किती आणि त्यांचा कारभार कोणाच्या हाती, याची यादी करावी व ती घेऊन तहसील कचेरीत जावे. यंत्र कोणाची वाट पाहत थांबणार नाही. दुसऱ्यांनी केलेल्या याद्यांत आपले नाव नव्हते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. ही यादी आपण करू या.