फट समजली की मण्यार समजते

चेतासंस्था शिकवताना आपण सर्रास सांगतो, "नसा म्हणजे शरीरातली वायरिंग." मला हे उदाहरण अपुरं वाटतं. चेतापेशीच्या आत निरोप विजेसारखा धावतो हे खरं. पण तिचं टोक पुढच्या पेशीला चिकटलेलं नसतं. मध्ये अतिसूक्ष्म फट असते, तिलाच सिनॅप्स म्हणतात. टोकाशी रसायनाच्या इवल्याशा पिशव्या असतात. निरोप आला की त्या रिकाम्या होतात, रसायन फट ओलांडतं आणि पलीकडे ठरलेल्या जागी जाऊन बसतं. स्नायूंपाशी हे काम अ‍ॅसिटिलकोलीन करतं. काम झालं की एक विकर लगेच त्याचे तुकडे करतं.

ही फट आपल्या जिल्ह्यातल्या पोरांना कळायलाच हवी, आणि ती काही परीक्षेसाठी नव्हे. पाथर्डी-शेवगावकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, कोपीत जमिनीवर झोपतात. मण्यार रात्रीची फिरते. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पण विष चेतातंतूंच्या टोकांवरच घाला घालतं आणि अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडणंच थांबतं. आधी पापण्या जड होतात, मग बोलणं अडखळतं, शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. माणूस गेल्यासारखा दिसतो, पण आतून शुद्धीवर असू शकतो! प्रतिविष रक्तातलं विष अडवतं; मोडलेली टोकं मात्र दुरुस्त करत नाही. ती नव्याने तयार व्हायला दिवस लागतात, तोवर व्हेंटिलेटरचाच आधार. मांत्रिकाकडे गेलेला तास इथे महागात पडतो.

फवारणीचं नेमकं उलटं. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं त्या विकरालाच अडवतात, मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, डोळ्यांना पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण पेपरात वाचलंच आहे.

"हे वरच्या वर्गांचं आहे हो," असं काही जण म्हणतील. मला तसं वाटत नाही. चौथीच्या पोरांना विकर हा शब्द सांगूच नका. दोन मुलं समोरासमोर बसवा, मध्ये एक फरशी सोडा. एकाने खडे पलीकडच्याच्या ओंजळीत टाकायचे, खडा पडला की त्याने हात वर करायचा, तिसऱ्याने लगेच खडा उचलून घ्यायचा. टाकणाऱ्याचे खडे काढून घेतले की झाली मण्यार. उचलणाऱ्याचे हात धरून ठेवले की फवारणी.