आधी पाणी जुळवा, मग मासे

हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर या किनारपट्टीवरील कितीतरी घरांत आज दोन वृद्ध माणसे आणि कुलूपबंद खोल्या एवढेच उरले आहे. मुले मुंबई-पुण्याला असतात. गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात घर भरते आणि पुन्हा रिते होते. मागे राहणाऱ्यांना काही विरंगुळा असावा म्हणून मुले एखाद्या सुट्टीत रंगीत माशांची काचपेटी आणून ठेवतात. विचार चांगला आहे. माशांना फिरवून आणावे लागत नाही, ते पायांत घोटाळून कोणाला पाडत नाहीत आणि खुर्चीत बसल्या बसल्या पाहण्यासारखे काही जिवंत घरात येते.

त्याचा उपयोगही होतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या नॅन्सी एडवर्ड्स आणि ॲलन बेक यांनी अल्झायमरच्या ६२ रुग्णांवर केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांच्या भोजनकक्षात मत्स्यपेटी ठेवल्यावर त्यांचे खाणे पहिल्या दोन आठवड्यांतच सुमारे एकपंचमांशाने वाढले आणि सोळा आठवड्यांत सरासरी पाऊण किलो वजन वाढले. जेवणाच्या टेबलावर न टिकणारे रुग्ण माशांकडे पाहत अधिक वेळ बसू लागले, असे निरीक्षण होते. म्हणून रक्तदाबाची गोळी बंद करावी असे मुळीच नाही. परंतु घरातील वृद्धाच्या दिनक्रमाला एक निवांत खुंटी मिळते, हे खरे.

हा लाभ मात्र निरोगी, शांतपणे पोहणाऱ्या माशांचा आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका आजोबांना नातवाने दोन फुटी पेटी भेट दिली होती. तीत दोन गोल्डफिश, दोन एंजल, चार टायगर बार्ब, दहा निऑन टेट्रा आणि काच साफ करण्यासाठी म्हणून एक सकर. दुकानात सारेच सुंदर दिसत होते. पंधरा दिवसांत निऑन एकेक करून नाहीसे झाले, एंजलचे पर कुरतडले गेले आणि महिनाभरात दोन्ही गोल्डफिश उताणे तरंगू लागले. ‘आता माझ्याच्याने मासेसुद्धा सांभाळवत नाहीत,’ असे म्हणत आजोबांनी अन्नावरची वासना कमी केली. सूनबाई त्यांना घेऊन आल्या त्या अशक्तपणाच्या तक्रारीसाठी. वास्तविक आजोबांचे काहीही चुकले नव्हते. ते मासे एकत्र नांदणारेच नव्हते.

म्हणूनच मासे निवडताना रंग सर्वांत शेवटी पाहावा. आधी पाणी, मग स्वभाव आणि त्यानंतर सांभाळणाऱ्या हातांची ताकद पाहावी.

पाणी

समुद्राकाठी राहणाऱ्यांना एक मोह हमखास होतो. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत अडकलेले चिमुकले मासे नातवंडे डब्यात घालून आणतात. हे मासे गोड्या पाण्यात जगत नाहीत. खाऱ्या पाण्यातील माशाच्या शरीरातून पाणी सतत बाहेर ओढले जाते आणि तो समुद्राचे पाणी पिऊन ती तूट भरून काढतो. गोड्या पाण्यात नेमके उलट होते. पाणी आत शिरत राहते. त्याची मूत्रपिंडे आणि कल्ले हा उलटा भार पेलू शकत नाहीत. शिवाय हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणामार्गावरील खडक निसरडे असून भरतीच्या लाटा तिथे धोकादायक ठरतात. तिथे मासे पकडण्यास मुलांना पाठवू नये.

गोडे पाणीही सर्वत्र सारखे नसते. आपल्या विहिरीच्या पाण्यात साबणाला फेस चटकन येत असेल तर पाणी हलके. येत नसेल तर जड. किनाऱ्यालगतच्या काही विहिरी उन्हाळ्याच्या अखेरीस मचूळ होतात. गप्पी आणि मोली यांना जड पाणी मानवते, किंचित मचूळही चालते. निऑन टेट्रा, चेरी बार्ब, हनी गुरामी यांना हलके पाणी बरे वाटते. गप्पी आणि निऑन यांचे भांडण नसते. पण एकाला सुखावणारे पाणी दुसऱ्याला हळूहळू थकवते.

उष्णतेचेही तसेच. आपल्याकडे पेटीतील पाणी बहुतेक काळ २५ ते ३० अंश सेल्सियस राहते. उष्ण प्रदेशातील माशांना ते योग्य आहे, हीटरची गरज नाही. गोल्डफिशला मात्र वीस अंशांच्या आसपासचे थंड पाणी हवे असते. तो मोठा होतो, घाणही भरपूर करतो. छोट्या पेटीत, इतर माशांबरोबर तो ठेवू नये.

नळाला क्लोरीनचे पाणी येत असल्यास ते पसरट भांड्यात एक दिवस साठवून मग वापरावे. भांड्यावर विरळ सुती कापड घट्ट बांधावे, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. विहिरीत टीसीएल पावडर टाकलेल्या दिवशी पेटीतील पाणी बदलू नये.

स्वभाव

साधा नियम असा, की ज्याच्या तोंडात जो मावतो, तो आज ना उद्या त्याच्या पोटात जातो. एंजल लहान असताना निऑनशेजारी शांत असतो. वाढला की त्याला निऑन हे खाद्य वाटते. टायगर बार्ब संथ, लांब परांच्या माशांचे पर कुरतडतो. फायटरचे दोन नर एकत्र ठेवल्यास झुंज होते आणि गप्पीची झुलती शेपटीही त्याला प्रतिस्पर्ध्याची वाटू शकते. शुभ म्हणून विकला जाणारा फ्लॉवरहॉर्न मोठा आणि आक्रमक असतो. तो एकटाच ठेवावा लागतो. बोटभर लांबीचा सकर पुढे फूट-दीड फूट वाढतो आणि काच साफ करण्यापेक्षा पेटी घाण अधिक करतो.

उलट काही माशांना एकटेपणा सोसत नाही. टेट्रा, बार्ब, कोरिडोरास हे थव्याने राहणारे मासे आहेत. पाच-सहांच्या खाली आणल्यास ते भेदरून कोपऱ्यात दडतात. ‘प्रत्येक रंगाचा एकेक द्या’ ही मागणी म्हणूनच चुकीची आहे. दोन जाती आणि प्रत्येकीची पुरेशी संख्या, एवढे पुरे.

तीन सोपे संसार

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. त्या मापासाठी पहिले दोन संसार सुचवतो.

जड पाणी असल्यास सहा गप्पी आणि पाच ब्राँझ कोरिडोरास. गप्पी वरच्या थरात, कोरिडोरास तळाशी. त्यामुळे गर्दी आणि अन्नाची ओढाताण टळते. मचूळ पाण्यात कोरिडोरास नको, गप्पीच पुरे. आरोग्यसेवकांनी डासांच्या अळ्या खाण्यासाठी टाक्यांत सोडलेले गप्पी वाचकांनी पाहिले असतील. त्यांचेच हे रंगीत भाऊबंद. गप्पी सगळे नरच घ्यावेत. मादी नराचे बीज अनेक महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी आणलेली मादीही सुमारे महिन्याच्या अंतराने पिल्ले देत राहते आणि पेटी गजबजून जाते.

हलके पाणी असल्यास आठ चेरी बार्ब आणि हनी गुरामीची एक जोडी. दोन्ही शांत. चेरी बार्ब मूळचा श्रीलंकेचा, तर हनी गुरामी गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. या संसारात पाण्यावर तरंगणारी थोडी वनस्पती असावी.

जागा कमी आणि सांभाळणारे एकच माणूस असल्यास वीस लिटरच्या झाकणाच्या पेटीत एकच फायटर. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीच्या नजरेसमोर ठेवण्यास हा उत्तम.

मासे पहिल्याच दिवशी आणू नयेत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करणारे उपयुक्त जिवाणू गाळणीच्या स्पंजात वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर गाळणी चालू ठेवून पाण्यात चिमूटभर खाद्य टाकत राहावे. परिचिताच्या निरोगी पेटीतला वापरलेला स्पंज मिळाल्यास हा काळ कमी होतो. हे जिवाणू म्हणजे पेटीचे मूत्रपिंडच. स्पंज क्लोरीनच्या पाण्यात धुतला, की ते बंद पडते. तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.

वीज गेल्यावर

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्याच किनाऱ्यावर आदळले. त्यानंतर अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. एरवीही पावसाळ्यात वीज जाणे आपल्या अंगवळणी पडले आहे. हवेचा पंप बंद पडला, की दाटीच्या पेटीतले मासे काही तासांत पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. गुरामी आणि फायटर यांना मात्र डोक्यातील एका विशेष अवयवामुळे वरची हवा थेट घेता येते. कोरिडोरासही हवा गिळून आतड्यातून प्राणवायू शोषतात. कोकणातल्या घरासाठी हे मासे निवडण्याचे हेही एक कारण. वीज गेल्यावर खाद्य बंद करावे आणि मगाने पाणी उचलून थोड्या उंचीवरून पुन्हा पेटीत सोडावे. निरोगी मोठे मासे काही दिवस उपाशी सहज राहतात.

हात, पाठ आणि आठवण

भरलेल्या दोन फुटी पेटीचे वजन सत्तर किलोच्या घरात जाते. ती कधीही हलवू नये आणि डगमगत्या टेबलावर ठेवू नये. आठवड्याला पाव भाग पाणी बदलावे. मात्र भरलेली बादली वृद्धांनी उचलू नये. तीन-चार लिटरच्या लहान भांड्याने काम करावे, सांडलेले लगेच पुसावे. घरातले घसरणे आणि मांडीचे हाड मोडणे यांत फारसे अंतर नसते. काढलेले पाणी कुंड्यांना उत्तम. विजेची वायर सॉकेटपेक्षा खाली झुकवून मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये शिरत नाही. पेटीत हात घालण्यापूर्वी स्विच बंद करावा.

नळी तोंडाने ओढून पाणी काढू नये. बोटाला जखम असताना, विशेषतः मधुमेहींनी किंवा स्टेरॉइड घेणाऱ्यांनी, पेटीत उघडा हात घालू नये; लांब रबरी हातमोजे वापरावेत. मत्स्यपेटीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयाच्या जंतूचा दूरचा भाऊबंद असू शकतो. त्याची गाठ साधारणतः दोन ते चार आठवड्यांनी बोटावर किंवा मनगटाकडे उठते, फारशी दुखत नाही आणि साध्या मलमाने बरी होत नाही. औषध काही महिने घ्यावे लागते. अशी गाठ दिसल्यास ‘घरी मासे आहेत’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण तेवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते.

विस्मरण असलेल्या व्यक्ती दिवसातून पाच वेळा खाद्य टाकतात आणि उरलेले खाद्य कुजून मासे मरतात. त्यांना हे काम नाकारू नये. रोजची चिमूट कागदाच्या पुडीत बांधून वार लिहून द्यावी. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य असावे. गोळ्यांची साप्ताहिक डबी यासाठी कदापि वापरू नये. माशांची औषधे आणि खाद्याचा मोठा डबा कुलपात ठेवावा.

आणखी एक गोष्ट आधीच बोलून ठेवावी. गप्पी दोन-एक वर्षे जगतो, फायटर दोन-तीन. मासा मेला, तर गुपचूप नवा आणून वृद्धांची समजूत घालण्यापेक्षा त्याचे वय झाले होते, हे सरळ सांगावे. ही भाषा त्यांना आपल्यापेक्षा अधिक कळते. आणि पेटी झेपेनाशी झाली, तर मासे तळ्यात, ओढ्यात किंवा सावित्रीच्या पात्रात सोडू नयेत. सकरसारखे परके मासे देशातील अनेक जलाशयांत पसरून मूळच्या माशांना त्रासदायक ठरले आहेत. दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत.

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर तीन उत्तरे लिहून न्यावीत: आपले पाणी जड की हलके, पेटी किती लिटरची आणि दर आठवड्याला पाणी कोण बदलणार. तिसऱ्या प्रश्नापुढे नाव लिहिता येत नसेल, तर खरेदी पुढच्या सुट्टीपर्यंत थांबवावी.