मगभर पाण्यातली परीक्षा

गेल्या हिवाळ्यात आरमोरीजवळच्या एका गावात मंडईचं नाटक होतं. वडशाहून कंपनीची गाडी आली आणि नटमंडळी शाळेच्या व्हरांड्यात उतरली. खलनायकाचं काम करणारे पन्नाशीचे एक गृहस्थ खिडकीच्या गजाला आरसा अडकवून दाढी करत बसले होते. समोर पाण्याचा एक मग, तुरटीचा खडा आणि जुना, तीन तुकड्यांत सुटणारा धातूचा सेफ्टी रेझर. खोटी मिशी डिंकानं चिकटवायची असते, तेव्हा ओठावर एक खुंटही चालत नाही. रोज वेगळं गाव, रोज रात्री दाढी, दिवाळी संपल्यापासून होळीपर्यंत.

माझ्या बॅगेत पाच ब्लेडवाला, रबरी मुठीचा रेझर होता. कौतुकानं तो पुढे केला. त्यांनी गालावरून दोनदा फिरवला, मगात बुडवला, हलवला, मगाच्या काठावर आपटला. पाचही पात्यांच्या फटीत साबण आणि केसांचा लगदा तसाच. परत देताना म्हणाले, "हे धुवाले नळ लागते, भाऊ. इथं कोठचा नळ?"

हे वाक्य मी रेझरचे रिव्ह्यू करणाऱ्या सगळ्या मंडळींना पाठवू इच्छितो. त्यांचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. पांढऱ्या टाइल्स, गीझरचं पाणी, बेसिनवर मोठा आरसा, वर गोल दिवा. त्या खोलीत दीडशे-दोनशे रुपयांच्या सेफ्टी रेझरला दहापैकी चार गुण मिळतात आणि खाली शिक्का बसतो, 'बजेट ऑप्शन'. म्हणजे परवडत नसेल तर घ्या. चांगला रेझर म्हणजे महागडा, आणि स्वस्तातला म्हणजे गरिबाची तडजोड. हा निकाल मला मान्य नाही. तो रेझरवरचा निकाल नाहीच, तो न्हाणीघरावरचा निकाल आहे.

ही चूक नवी नाही, आणि ती आधी खूप मोठ्यांनी करून झाली आहे. २००२ साली जिलेटनं भारतासाठी 'व्हेक्टर' नावाचा रेझर आणला. आणण्यापूर्वी रीतसर चाचणी घेतली. कुणावर? अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांवर. पोरं भारतीय, दाढी भारतीय, मग आणखी काय हवं? सगळ्यांना रेझर आवडला. भारतात मात्र तो चालला नाही. अडकलेले केस काढायला त्यात एक प्लास्टिकची सरकती पट्टी होती आणि तिचा उपयोग व्हायला वाहतं पाणी लागायचं. एमआयटीच्या वसतिगृहात नळ होता. इथं लोक फरशीवर बसून, मगभर पाण्यात दाढी करत होते. पुढे २००५ मध्ये पी अँड जीनं जिलेट विकत घेतली, त्यांची माणसं भारतातल्या घरांत जाऊन पुरुषांच्या शेजारी बसली, दाढी कशी करतात ते पाहिलं, आणि २०१० मध्ये 'गार्ड' आला. एकच पातं, पाण्यात हलवला की साफ होईल अशी मोकळी रचना, रेझर १५ रुपयांना, पातं ५ रुपयांना.

कंपनीला धडा शिकायला आठ वर्षं लागली. आपले रिव्ह्यूवाले अजून वसतिगृहातच आहेत.

गार्ड शहाणपणानं बनवलेली वस्तू आहे, हे मान्य. पण त्यात त्याचंच पातं लागतं. दोन धारांच्या ब्लेडचं तसं नाही. किंग जिलेटनं १९०३ साली विक्री सुरू केली तेव्हा वर्षभरात ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपल्याचं सांगतात. १९०४ ला पेटंट मिळालं, १९२१ ला संपलं. तेव्हापासून ते ब्लेड कुणाच्याच मालकीचं राहिलं नाही. कोणत्याही कंपनीचं ब्लेड कोणत्याही रेझरमध्ये बसतं. आठवडी बाजारातल्या कटलरीवाल्याकडे सुया, फण्या, नाड्यांच्या शेजारी ते असतंच. न्हाव्याचं काम त्याच्यावरच चालतं. सलूनमधल्या वस्तऱ्यात मोडून घातलेलं अर्धं पान म्हणजे तेच. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी इथल्या माणसाला पाठ आहे. तेव्हा अमुकच कार्ट्रिज हवं म्हणून कुठं जाणार? साधं ब्लेड मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात निघतं.

आता 'कम्फर्ट'कडे येतो, कारण खरी फसवणूक त्या शब्दात आहे. अनेक पात्यांच्या रेझरमध्ये पुढचं पातं केस ओढून किंचित वर काढतं आणि मागचं त्याला कातडीच्या पातळीखाली कापतं. हात फिरवला की गाल काचेसारखा लागतो. व्हिडिओ इथं संपतो. तो कापलेला केस मागे सरकतो, वाढताना कधी कधी बाहेर यायचं सोडून आत वळतो, आणि तिसऱ्या दिवशी मानेवर लाल पुटकुळ्या येतात. राठ, कुरळे केस असतील तर जास्तच. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४६-४७ वर जातो. खाणीत किंवा वीज केंद्रात कामाला असणाऱ्याच्या त्याच मानेवर घाम आणि कोळशाची धूळ बसते. त्याला दाढी ठेवायचीही सोय नाही, धुळीचा मास्क दाढीवर घट्ट बसत नाही. अशा माणसाला त्या संध्याकाळच्या काचेसारख्या गालाचं काय करायचं? त्याला तिसऱ्या दिवशीची मान बरी हवी. ती एका पात्यानं, केसांच्या वळणानं केलेल्या सुलट्या दाढीत बरी राहते. उलटी मारायचा मोह टाळला की झालं.

पैशाचा हिशेब सांगितला की लोक म्हणतात, दाढीत काय कंजुषी. तरी सांगतो. ३ रुपयांचं ब्लेड चार दाढ्या गेलं तर दाढीला ७५ पैसे, वर्षाला २७४ रुपये. १२० रुपयांचं कार्ट्रिज पंधरा दाढ्या ओढलं तर दाढीला ८ रुपये, वर्षाला २९२०. (आमच्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमताही २९२० मेगावॉट आहे. योगायोग, पण आकडा लक्षात राहतो.) आणि 'ओढलं' हा शब्द जाणून वापरला. महाग कार्ट्रिज माणूस टाकत नाही, बोथट झालं तरी महिनाभर चालवतो. ३ रुपयांचं ब्लेड फेकताना हात अडखळत नाही. स्वस्तात ताजी धार मिळते, आणि आराम धारेत असतो, मुठीत नसतो.

धार जाते कशी, हेही मजेशीर आहे. केस पोलादापेक्षा पन्नासेक पटींनी मऊ, तरी पोलाद हरतं. २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचा उलगडा छापून आला, आणि गंमत म्हणजे तो पुन्हा एमआयटीचाच. केस वाकतो, पात्याच्या कडेशी विशिष्ट कोनात येतो, आणि जिथं पोलादाची घडण एकसारखी नसते तिथं कडेचा बारीक टवका उडतो. आपल्याला हातात काय ठेवता येतं? केस भिजवणं. दोन-तीन मिनिटं पाणी मुरलेला केस कापायला कमी जोर लागतो. बोअरच्या जड पाण्याला फेस धड येत नाही, म्हणून तिथं ब्रश जास्त घोळवावा लागतो. ज्यांनी कोरड्या गालावर घाईत रेझर फिरवला आणि रक्त काढलं, त्यांनी रेझरला शून्य गुण दिले.

सगळेच स्वस्त रेझर चांगले असतात असं मात्र मी म्हणणार नाही. माझा पहिला रेझर मोरीत एकदाच पडला आणि दांड्याचा आटा आतल्या आत तुटला. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव रेझर असे तुटतात. दुसऱ्याच्या खालच्या पट्टीला बारीक कूस होती, ती गालाला ओरखडे काढायची आणि मी आठवडाभर ब्लेडला शिव्या देत राहिलो. म्हणून विकत घेताना ब्लेड न लावता पट्टीवरून बोट फिरवावं, खरखर लागली तर परत द्यावा. आटे फिरवून पाहावेत. घरी ब्लेड बसवल्यावर समोरून बघावं, दोन्ही बाजूंनी पातं सारखं बाहेर आलंय का. एका बाजूला जास्त आलं तर ती बाजू कापते आणि दुसरी नुसती घासते. दांडा जरा वजनदार हवा, म्हणजे हातानं दाबायची गरज पडत नाही. पातं गालाशी साधारण तीस अंशांत धरायचं. यासाठी गोल दिवा लागत नाही. पहिल्या आठवड्यात एखाददुसरं कापेल, त्याला तुरटी आहे.

उलट्या टोकाच्या मंडळींचाही मला तितकाच वैताग आहे. पाच हजारांचा पितळी रेझर, बॅजरच्या केसांचा ब्रश, चंदनाचा साबण, आणि दाढी म्हणजे जणू ध्यानधारणा. हौस करा, पण तिला 'जुन्या साधेपणाकडे परत' म्हणू नका. गडचिरोलीतला माणूस परत वगैरे आलेला नाही. तो तिथून गेलाच नव्हता.

या रेझरला एक खरा दोष आहे आणि त्याबद्दल कुठल्याच रिव्ह्यूत बोलत नाहीत. वापरलेलं ब्लेड. ते ओल्या कचऱ्यात जातं, घंटागाडीवरच्या बाईच्या तळहातात शिरतं, उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या तोंडात जातं. दहापैकी दोन गुण कापायचे तर त्यासाठी कापा, पण तेही रेझरचे नाहीत, आपले.

त्या रात्री व्हरांड्यात खलनायकानं दाढी उरकली तेव्हा मगातलं पाणी अर्ध्यावर होतं. त्यांनी ब्लेड काढलं, पाकिटाच्याच कागदात गुंडाळलं आणि पिशवीतून पावडरचा एक गंजका डबा काढला. झाकणाला चीर पाडलेली होती. ब्लेड आत टाकलं, डबा कानाशी धरून वाजवला. "दोन सीजनची हायेत," म्हणाले, आणि मिशीचा डिंक शोधायला लागले.