कुलूप चोरासाठी की धन्यासाठी?

घर बदलताना कपाट बरोबर नेले, तर त्यासाठी कारखानदाराची अनुमती मागावी लागत नाही. विकत घेतलेले सॉफ्टवेअर जुन्या संगणकातून नव्यात नेताना मात्र ग्राहकाला आपली सचोटी नव्याने सिद्ध करावी लागते. पैसे मोजूनही त्याच्या हाती पडतो तो केवळ वापराचा परवाना. आणि त्यातील अटी वाचून मग खरेदी करणारा ग्राहक विरळाच.

हे दुखणे जुने आहे. १९८३ मध्ये आलेले ‘लोटस १-२-३’ हे हिशेबाचे सॉफ्टवेअर मूळ फ्लॉपी यंत्रात असल्यावाचून चालत नसे. फ्लॉपी खराब झाली की काम खोळंबले. ग्राहकांच्या तक्रारींना कंटाळून हे कुलूप ते दशक संपण्यापूर्वीच काढण्यात आले. तो धडा फार काळ लक्षात राहिला नाही.

२००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज एक्सपी’बरोबर घरगुती ग्राहकावर ‘ॲक्टिव्हेशन’ची सक्ती आणली. प्रोसेसर, हार्ड डिस्क, नेटवर्क कार्ड अशा दहा प्रकारच्या भागांवरून यंत्राची ओळख ठरविली जाई. एखादा भाग बदललेला खपे; बरेच भाग बदलले, की मालक परका ठरे. २००२ च्या सुधारणेने त्याला तीन दिवसांची मुदत दिली. तेवढ्यात इंटरनेटवरून काम झाले नाही, तर कंपनीला दूरध्वनी करून पन्नास आकडी संख्या सांगावयाची आणि उत्तरादाखल मिळालेली बेचाळीस आकडी संख्या बिनचूक उतरवून घ्यावयाची! नव्या यंत्राबरोबर आलेल्या प्रतीचे हाल याहून वाईट. तिचा परवाना त्या यंत्राशीच जखडलेला. यंत्र मोडीत निघाले की तोही मोडीत.

चोरी होत नव्हती असे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर नकली तबकड्या मिळत, हे काही गुपित नव्हते. पण चोराला या कुलपाचा उपद्रव किती झाला? मोठ्या संस्थांना घाऊक विकलेल्या प्रतींना ॲक्टिव्हेशनची अट नव्हती. अशीच एक प्रत, तिच्या किल्लीसकट, एक्सपी बाजारात येण्यापूर्वीच बाहेर फुटली. ती वापरणाऱ्याने हवी तितकी यंत्रे बदलली, तरी त्याला कोणाला दूरध्वनी करावा लागला नाही. २००२ मध्ये कंपनीने त्या किल्लीला सुधारणा नाकारल्या खऱ्या, तोवर ती गावभर झाली होती.

भारतीय कायदा ग्राहकाशी अगदीच निष्ठुर नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे ५२ वे कलम सॉफ्टवेअरच्या कायदेशीर धारकास नुकसानीपासून बचावासाठी राखीव प्रत काढू देते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ‘६५ अ’ या कलमाखाली कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र त्यासाठी हक्कभंगाचा हेतू असावा लागतो. म्हणजे प्रामाणिक धारकाने आपलेच कुलूप उघडले तर तो गुन्हेगार नव्हे. परंतु उघडावयाचे कसे? शाळेतील शिक्षक वा कचेरीतील कारकून काही कुलपे तोडण्यात वाकबगार नसतो, आणि किल्ली देण्याचे बंधन हा कायदा विक्रेत्यावर घालीत नाही. जुन्या यंत्रावरील परवाना ग्राहकाला स्वतः सोडवून नव्यावर नेता यावा, आणि कंपनीने ते सॉफ्टवेअर सांभाळणे बंद केले की त्याचे कुलूपही तिनेच काढून द्यावे, एवढी तरतूद त्याच दुरुस्तीत करता आली असती.