शाळेचं भाडं घरमालकाला

"ताई, भाडं चार हजार जास्त आहे, पण खाली उतरलं की समोरच शाळा. लोक रांगेत आहेत या बिल्डिंगसाठी." एजंटने गॅलरीचं दार सरकवलं. समोर खरोखरच शाळा होती. काचेची दर्शनी भिंत, पिवळ्या बसची रांग, फाटकाशी वॉकीटॉकी घेतलेला पहारेकरी. फ्लॅट मात्र स्वयंपाकघरात दोन माणसं आली तर एकाला बाहेर यावं लागेल, असा. मागच्या गल्लीतला तेवढाच फ्लॅट चार हजारांनी स्वस्त होता. म्हणजे वर्षाला ४८ हजार रुपये. ते शाळेला जात नाहीत, शिक्षकाला जात नाहीत, खडू-फळ्याला जात नाहीत. ते एका घरमालकाला जातात, कारण त्याच्या गॅलरीसमोर कुणीतरी शाळा बांधली. शाळेची फी पुन्हा वेगळी.

नवऱ्याची कोल्हापूरहून पुण्याला बदली झाली तेव्हा आमचा मुलगा पहिलीत जायचा होता. दिरापासून नवऱ्याच्या ऑफिसातल्या शिपायापर्यंत सगळ्यांनी एकच सल्ला दिला: "आधी शाळा फिक्स करा, मग घर बघा." हा सल्ला शहाणपणाचा म्हणून दिला जातो आणि शहाणपणाचा म्हणूनच घेतला जातो. मला त्याची चीड येते. त्यात सगळ्यांनी एक गोष्ट मुकाट्याने धरून चालवलेली असते, की आपण जिथे राहू तिथली शाळा आपल्या मुलाच्या लायकीची नसणारच. हे आपल्याला कुणी पटवलं? कधी पटवलं? आणि आपण ते इतक्या सहज कसं मान्य केलं?

कायदा नेमकं उलटं सांगतो. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. त्याचं सहावं कलम सरकारला बजावतं की मुलाच्या शेजारात शाळा नसेल तर ती काढा. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी शेजार म्हणजे किती तेही ठरवून दिलं: पहिली ते पाचवीसाठी घरापासून एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन. म्हणजे शाळेने मुलाकडे यायचं आहे. आम्ही मात्र मुलाला, त्याच्या आजीला आणि गॅस सिलिंडरला टेम्पोत घालून शाळेकडे नेतो. कोठारी आयोगाने १९६६ साली शेजारशाळेची शिफारस केली होती. साहेबाचा आणि शिपायाचा मुलगा एकाच शाळेत जावा, इतकी ती साधी होती. मी ज्या कोल्हापुरातून आले तिथे शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना महिन्याला एक रुपया दंड लावला. संस्थानचा कारभार चालवणारा राजा शाळा आपली जबाबदारी मानत होता. आज लोकांनी निवडून दिलेलं सरकार ती एजंटच्या जाहिरातीवर सोडून मोकळं झालं आहे.

काचेच्या शाळेत मी गेले होते. नाव घेत नाही, कारण तशा दहा आहेत. काउंटरवरच्या मुलीने आधी सांगितलं, "पहिलीला जागा नाहीत. आमच्याकडे नर्सरीपासूनच घेतात." मग आवाज खाली आणून म्हणाली, "फॉर्म भरून ठेवा, बघू." फॉर्ममध्ये आईचं शिक्षण, वडिलांची कंपनी, वार्षिक उत्पन्न आणि घर स्वतःचं की भाड्याचं, हे रकाने होते. नंतर मुलाशी 'गप्पा' होणार होत्या. मी विचारलं, कायद्याने मुलाला आणि पालकांना चाळणी लावायला बंदी आहे, मग या गप्पा कशाला? उत्तर आलं, "मॅडम, आमची पॉलिसी आहे." तेरावं कलम या चाळणीला पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं. वर्षाची फीच त्याहून मोठी असलेल्या संस्थेला असल्या दंडाची कसली भीती? आणि तक्रार करणाऱ्या पालकाच्या मुलाला त्याच शाळेत दहावीपर्यंत बसायचं असतं, म्हणून तक्रार कुणी करत नाही. यातच सगळं पाणी मुरतं.

बदली होऊन आलेल्या कुटुंबाला या व्यवस्थेत जागाच नाही. तिचं दार तीन वर्षांच्या पोरासाठी उघडतं आणि लगेच बंद होतं. सहा वर्षांचं मूल घेऊन शहरात आलात तर तुम्ही तीन वर्षं उशिरा आलात. पहिली इयत्ता ही शाळेची सुरुवात आहे, हे कायद्यात खरं आहे, शहरात नाही.

आता पुण्याच्या कडेला बघा. २०१७ साली ११ गावं महापालिकेत आली, २०२१ साली आणखी २३. म्हाळुंगे, सूस, बावधन बुद्रुक, नऱ्हे, वाघोली. या समाविष्ट गावांत आज वीस-वीस मजले उभे आहेत आणि त्यांच्या सावलीत जुनी जिल्हा परिषदेची शाळा आहे, गाव गाव होतं तेव्हाच्या मापाची. नव्या वस्तीला शाळा कुठे आहे? कागदावर आहे. विकास आराखड्यात प्राथमिक शाळेसाठी भूखंड राखून ठेवतात. पण १९६६ च्या नगररचना कायद्याचं १२७ वं कलम असं की, आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. जमीन मोकळी. 'व्यपगत' हा शब्द पालकांनी पाठ करून ठेवावा. तुमच्या मुलाच्या शाळेवर टॉवर चढला तर तो या शब्दाच्या जोरावर चढतो. कुणी फाइल बारा वर्षं दाबून ठेवायची, बाकीचं काम कायदा करतो. घर घेताना आपण पार्किंगचा नकाशा मागतो, कार्पेट एरिया इंचाइंचाने मोजतो. शाळेच्या आरक्षणाचं काय झालं, हे एकाही सोसायटीने विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

आणि हे सगळं चार हजार जास्त भाडं देऊ शकणाऱ्यांचं झालं. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं ऐका. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत ठेवलेल्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी त्यांच्या नातीचा अर्ज भरायला मी बसले. तिथे तर घराचा पत्ता म्हणजेच नशीब. घरापासून शाळेचं अंतर नकाशावर मोजलं जातं आणि मग सोडत. पत्त्याचा पुरावा म्हणून भाड्याच्या घरात राहणाऱ्याला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, तोही अर्जाच्या आधीच्या तारखेचा. मावशींच्या आधार कार्डावर गावचा पत्ता. त्यांच्या खोलीचा मालक भाड्याची पावतीसुद्धा देत नाही, तो दुय्यम निबंधकाकडे करार नोंदवायला येणार आहे? अर्ज तिथेच अडला. ज्यांच्यासाठी तरतूद केली, त्यांच्याकडेच तिची किल्ली नाही. दुसरीकडे खोटे पत्ते लावून जागा लाटणारे आहेतच. नागपुरात २०२४ साली बनावट कागदपत्रांबद्दल पालकांवर गुन्हे दाखल झाले.

त्याच वर्षी, ९ फेब्रुवारी २०२४ ला, राज्य सरकारने अधिसूचना काढली: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला पंचवीस टक्क्यांच्या बंधनातून सूट. अर्थ असा की गरिबाच्या मुलाने सरकारी शाळेत जावं, काचेच्या शाळेत पाय ठेवू नये. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलैला ही अधिसूचना रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. पण निकाल येईपर्यंत जून उलटून गेला होता. खासगी शाळांचे वर्ग भरले होते आणि सोडतीतली मुलं घरी बसून होती.

मला सरकारी शाळेचा तिटकारा नाही. माझा राग आहे तो ती फक्त गरिबांसाठी ठेवण्यावर. जी शाळा फक्त दुबळ्यांची असते, तिच्या नळाला पाणी नसलं तरी कुणाच्या खुर्चीला धक्का लागत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १८ ऑगस्ट २०१५ ला हेच ओळखलं होतं. सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्या प्रत्येकाची मुलं सरकारी प्राथमिक शाळेत गेली पाहिजेत, असा आदेश उत्तर प्रदेश सरकारला दिला होता. तो अमलात आला नाही. आला असता तर सहा महिन्यांत तिथल्या शाळांची छपरं गळायची थांबली असती.

मी घरापासून सात मिनिटांवरच्या महापालिकेच्या शाळेत गेले. स्वस्त फ्लॅटपासून सात मिनिटं, तोच आम्ही घेतला होता. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत. दुसरीच्या बाई मतदार याद्यांच्या कामावर गेलेल्या, त्यांच्या टेबलावर याद्यांचा गठ्ठा. कायदा शिक्षकांना निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं द्यायला मुभा देतो आणि प्रशासन ती मुभा शेवटच्या थेंबापर्यंत पिळून घेतं. निम्म्या मुलांच्या घरी मराठी बोलत नाहीत. कलबुर्गीकडून बांधकामावर आलेली, बिहारची, लमाण तांड्यावरची. बाटल्यांची झाकणं दोऱ्यात ओवून बाई दहाचे गठ्ठे शिकवत होत्या. जूनमध्ये मराठीचा एक शब्द न येणाऱ्या एका मुलीने मला फळ्यावरचा सुविचार बोट ठेवून वाचून दाखवला. तेव्हा फेब्रुवारी होता. मुलींच्या संडासाच्या दाराला मात्र कडी नव्हती.

बाई म्हणाल्या, "शाळेला काही द्यायला आलात का? वह्या वगैरे?"

"मुलाचं नाव घालायचंय."

"इथे?"

त्या एका शब्दाने मला जेवढं लाजवलं तेवढं कुणी लाजवलं नाही. चांगल्या साडीतली बाई शाळेच्या दारात आली तर ती दान द्यायलाच आली असणार, हे त्या बाईंना त्यांच्या नोकरीने शिकवलं होतं. म्हणजे आपण शिकवलं होतं.

नाव घातलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. दीर म्हणाला, "वहिनी, तुमच्या तत्त्वापायी पोराचं नुकसान करू नका." नुकसान कशाने होतं ते तरी तपासा. कायद्याने प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. माझ्या मुलाच्या वर्गात २७ मुलं आहेत, दिराच्या मुलीच्या वर्गात ४५. आमच्या बाई डी.एड. झालेल्या, परीक्षा देऊन निवडलेल्या. तिकडच्या शिक्षिका दर जूनला बदलतात, कारण फीमधला शिक्षकाच्या पगाराला जाणारा वाटा फार लहान आहे. इंग्रजीचा बाऊ करणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की भाषा शिकणं वेगळं आणि न कळणाऱ्या भाषेत गणित शिकणं वेगळं.

चांगली सरकारी शाळा होत नाही, असं म्हणणाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातच फिरून यावं. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागली. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांचा पुरस्कार जिंकला, आणि ही शाळा काही वर्षांपूर्वी मुलांअभावी बंद पडायच्या बेतात होती. दोन्हीकडे गावाने शाळा आपली मानली. आणि दुसऱ्या बाजूला वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा गुंडाळून समूहशाळा करायचे बेत आखले जातात. पट कमी का झाला, हे त्या फाइलीत नसतं. तो आपण काढून घेतला म्हणून कमी झाला.

म्हणून बदली होऊन येणाऱ्या प्रत्येक आईबापाला माझं सांगणं आहे. घर ऑफिसच्या सोयीने बघा, आजीच्या गुडघ्यांच्या सोयीने बघा. मग त्या घराजवळच्या सरकारी शाळेत जा. दाखला हातात नसला तरी तुम्हाला परत पाठवता येत नाही, पाचवं कलम दाखवा. जूनचे प्रवेश होऊन गेले असले तरी नाही म्हणता येत नाही, पंधरावं कलम दाखवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असतात. त्या बैठकीला बसा. संडासाची कडी मी तिथेच मागितली. अडीच महिने लागले, तीन अर्ज लागले, पण बसली. इतकी वर्षं ती बसली नाही, कारण जिचा अर्ज कचेरीत कुणी वाचला असता अशी आई त्या खोलीत नव्हती.

शाळेला किती शिक्षक मिळायचे, हे संचमान्यतेत पटावरून ठरतं. पट ३० सप्टेंबरचा धरतात. त्याआधी आपल्या मुलाचं नाव घाला.