छाटीचा हिशेब

आदल्या रात्री भिजवलेली तेंदूपानं ओल्या फडक्यातून काढून आई सूप मांडीवर घ्यायची. पत्र्याच्या फर्म्यावर पान कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे, नखानं टोक मुडपायचं. झाली एक बिडी. मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात तेव्हा घरोघरी हेच चालायचं. मजुरी हजारावर, आणि तीही तोकडी. पण आईचा जीव जळायचा तो छाटीनं.

संध्याकाळी ठेकेदार मूठभर बिड्या उचलायचा. ही ढिली, ही बारीक, म्हणत टोपलीत टाकायचा. त्यांचे पैसे मिळत नसत आणि बिड्याही परत मिळत नसत. एकदा आई म्हणाली, "भाऊ, खराब हायेत त मोडा ना माह्यासमोर." तो नुसता हसला. आईनं टोपलीत हात घातला आणि आपल्या छाटीच्या बिड्या तिथंच चुरगळल्या. दुसऱ्या दिवशी तिला ना पान मिळालं, ना तंबाखू.

शेजारणी म्हणाल्या, हातचं काम घालवून काय मिळवलं? हाच प्रश्न पुढे मला एका प्रयोगात भेटला. 1982 साली जर्मनीत वेर्नर ग्यूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला. दोघांत एक रक्कम. पहिल्यानं वाटणी करायची, दुसऱ्यानं ती घ्यायची किंवा नाकारायची. नाकारली तर दोघांनाही काही नाही. मिळेल ते घ्यावं, असं नुसतं गणित सांगतं. तरी अगदीच तुटपुंजा वाटा पुढे आला की अनेकांनी तो झिडकारला. हे वाचलं तेव्हा मला ती टोपली आठवली. फरक एवढाच, की आईनं नकार दिला तेव्हा झळ तिच्या एकटीच्या चुलीला लागली. ठेकेदाराला बिड्या वळणारे दहा हात होते.

बिडी आणि सिगार कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला. त्याच्या 39व्या कलमात, नाकारलेल्या बिड्या आणि त्यांची मजुरी यांवरून होणाऱ्या वादांचा स्वतंत्र उल्लेख होता. म्हणजे हे दुखणं दिल्लीपर्यंत पोहोचलं होतं. आमच्या ओसरीपर्यंत मात्र कायद्याचा माणूस कधी आला नाही. किमान वेतनाची चर्चा आजही दरापाशीच थांबते, याचा मला राग येतो. दर वाढला तरी माल पारखणारा आणि पैसे देणारा हात एकच असेल, तर वाढलेलं छाटीतून सहज परत काढून घेता येतं.

आठव्या दिवशी ठेकेदारानं माणसाकरवी पानं पाठवली. छाट त्यानंतरही निघायची. पण आईची बिडी बाजूला काढताना तो आधी ती तिच्या हातात द्यायचा, आणि आई ती उजेडात धरून बघायची.